किशोरवयीन मुलांची मानसिक लवचीकता कशी मोजावी : शाळेतल्या समुपदेशकांसाठी आणि शिक्षकांसाठी

मागणी बहुतेक वेळा अशी येते: "आठवी-नववीच्या मुलांसाठी लवचीकतेची एखादी टेस्ट आहे का? मराठीत पीडीएफ असेल तर पाठवा." पीडीएफ मिळते. झेरॉक्स काढून ती वर्गात वाटली जाते, बेरीज होते, प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक आकडा लागतो आणि मग त्या आकड्याचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही. त्या आकड्याच्या आधी काय करायचं आणि नंतर काय करायचं, हा ह्या लेखाचा विषय आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांची आणि वसतिगृहांची आहेत. वर्ग मुद्दाम आठवी-नववीचे धरले आहेत. दहावीच्या वर्षात मुलांना आणखी एक प्रश्नपत्रिका देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ठरवा, मोजायचं काय आहे

घरावर संकट आलं, जवळचं माणूस गेलं, वर्षानुवर्षं ताण राहिला आणि तरीही मूल बऱ्यापैकी सावरलं, शिकत राहिलं, माणसांत राहिलं, तर त्याला आपण लवचीक म्हणतो. म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसायला हव्यात: ताण खरोखर होता, आणि तरी गाडी चालू आहे. ज्याच्या वाट्याला फारसं काही आलंच नाही, त्या मुलाच्या लवचीकतेबद्दल तुम्ही काही सांगू शकत नाही. ते सुखात आहे, एवढंच सांगू शकता.

ह्या विषयातला सर्वांत गाजलेला अभ्यास हवाई बेटांपैकी काउआई बेटावरचा आहे. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ ह्यांनी 1955 साली तिथे जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा घेतला. वयाच्या 1, 2, 10, 18, 32 आणि 40 व्या वर्षी त्यांची पाहणी झाली. गरिबी, जन्माच्या वेळच्या अडचणी, घरातली भांडणं, आई किंवा वडिलांचा मानसिक आजार अशा अनेक गोष्टी ज्यांच्या वाट्याला एकत्र आल्या होत्या, त्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश पुढे आत्मविश्वासाची, कामाची, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक बाब म्हणजे आईवडिलांपलीकडचं एखादं भरवशाचं मोठं माणूस: आजी, मामा, शेजारीण, शिक्षक. आपल्या कामासाठी ह्यात दोन धडे आहेत. हे निष्कर्ष एका तासाच्या प्रश्नावलीतून आलेले नाहीत, मुलांचं आयुष्य पाहून आलेले आहेत. आणि ताकद जितकी मुलात होती तितकीच त्याच्या भोवतालीही होती.

म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा. मुलावर काय काय ओढवलं आहे, त्याच्याजवळ कोणता आधार आहे, आणि आज त्याचं कसं चाललं आहे. बाजारातल्या बहुतेक "लवचीकता चाचण्या" यांपैकी फक्त दुसरी गोष्ट मोजतात, तीही मुलाला स्वतःबद्दल जे वाटतं त्यावरून. पहिली आणि तिसरी गोष्ट तुम्हालाच जोडावी लागते.

हे सगळं कशासाठी, हेही कागदावर एका वाक्यात लिहून काढा. "जीवनकौशल्यांच्या तासांचा नववीवर काही परिणाम झाला का" हा चालण्यासारखा हेतू आहे. "वसतिगृहातल्या कोणत्या मुलांना आधाराची गरज आहे" हाही चालेल, पण मग आधार द्यायला माणूस हवं. "कणखर विद्यार्थी निवडून सत्कार करायचा आहे" किंवा "तुकड्या पाडायच्या आहेत" ह्यासाठी ही साधनं बनलेली नाहीत. तसं सांगणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

साधन निवडणं

गिल विंडल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अशा 19 मोजपट्ट्यांचा आढावा घेतला. सर्वोत्तम म्हणावी अशी एकही त्यांना सापडली नाही. तेव्हा "सगळ्यात चांगली कोणती" हा शोध सोडून द्या आणि आपल्या कामाला कोणती बसते ते पाहा.

कॉनर-डेव्हिडसन मोजपट्टी 2003 ची. 25 विधानं, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 100. तिची 10 विधानांची छोटी आवृत्ती 2007 मध्ये आली. संशोधनात ती फार वापरली जाते, पण मूळची प्रौढांसाठीची आहे आणि भर व्यक्तीच्या आतल्या चिकाटीवर आहे. वापरायला परवानगी आणि शुल्क लागतं. नेटवर फिरणारी प्रत उचलू नका.

वॅग्निल्ड आणि यंग ह्यांची 1993 ची 25 विधानांची मोजपट्टीही शाळांमध्ये दिली जाते. तिचा उगम मात्र आयुष्यातला मोठा धक्का पचवलेल्या 24 वयस्क स्त्रियांच्या मुलाखतींत आहे. चौदा वर्षांच्या मुलाला ती देताना हे लक्षात असू द्यावं.

सहा विधानांची ब्रीफ रेझिलियन्स स्केल (2008) छोटी आणि सोयीची आहे. अडचणीनंतर माणूस किती लवकर पूर्ववत होतो, एवढंच ती विचारते. त्यातली तीन विधानं उलट्या अर्थाची आहेत आणि घोळ तिथेच होतो. "ताणाच्या प्रसंगातून निभावून जाणं मला कठीण जातं" ह्यावर "असहमत" अशी खूण करायची, म्हणजे नकाराला नकार. आठवीतली बरीच मुलं इथे अडखळतात आणि तुम्हाला मिळतं ते त्यांच्या वाचनकौशल्याचं माप.

नॉर्वेतली 'रीड' ही मोजपट्टी (2006) खास किशोरांसाठी बनवलेली आहे. 28 विधानं, पाच भाग: स्वतःची क्षमता, लोकांत मिसळणं, नियोजनाची सवय, घरातली एकी आणि बाहेरचा आधार. विधानं सरळ अर्थाची आहेत. संशोधनासाठी चांगली निवड.

साधारण शाळेसाठी माझी पसंती 'सीवायआरएम-आर' (चाइल्ड अँड यूथ रेझिलियन्स मेझर, सुधारित) ह्या साधनाला आहे. कॅनडातल्या हॅलिफॅक्स इथल्या डलहौसी विद्यापीठात मायकल उंगर ह्यांच्या गटाने 11 देशांतल्या 14 ठिकाणच्या मुलांबरोबर काम करून मूळ 28 विधानांची प्रश्नावली तयार केली. त्या 14 ठिकाणांत आपल्याकडचं इम्फाळ होतं. 2018 मध्ये ती 17 विधानांवर आणली गेली. ही आवृत्ती 10 ते 23 वयासाठी आहे आणि मोफत वापरता येते. दहा विधानं मूल स्वतः, मित्र, शाळा आणि समाज ह्यांबद्दल आहेत, सात घरच्या आधाराबद्दल. भूक लागली तर घरी पुरेसं खायला असतं का, हेही त्यात विचारलेलं आहे. माझ्या पसंतीचं कारण हेच. उपाशी पोराच्या जिद्दीला गुण देण्याआधी त्याच्या ताटाची चौकशी करणारं साधन मला जास्त प्रामाणिक वाटतं.

'आज कसं चाललं आहे' ह्यासाठी रॉबर्ट गुडमन ह्यांची 1997 ची 'एसडीक्यू' (मुलाच्या जमेच्या बाजू आणि अडचणी विचारणारी प्रश्नावली) सोबत घ्या. 25 विधानं असतात, 11 ते 17 वयाची मुलं ती स्वतः भरू शकतात, पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी वेगळी आवृत्ती आहे. कागदावर वापरायला ती विनामूल्य आहे. मोबाइल फॉर्मवर चढवायची असेल तर मात्र परवानगी घ्यावी लागते.

ताणाची नोंद घ्यायला मोठं साधन लागत नाही. गेल्या बारा महिन्यांतल्या आठ-दहा गोष्टींची हो-नाही यादी पुरते: घरात मृत्यू किंवा मोठं आजारपण, पीक गेलं किंवा कर्ज वाढलं, आईवडील कामासाठी लांब गेले, शाळा बदलली, वर्गात कोणी सतत त्रास दिला, घरात दारूवरून भांडणं झाली. लैंगिक अत्याचाराचा प्रश्न अशा सामूहिक कागदावर विचारू नका. तो विषय बंद खोलीतल्या, प्रशिक्षित माणसाबरोबरच्या बोलण्याचा आहे.

मराठीत आणताना

साधन आधीच मराठीत असलं तरी तुमच्या भागातल्या मुलांना ते कळतं का, हे तपासावंच लागतं. स्वतः भाषांतर करत असाल तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करावं, मग बसून एक मसुदा ठरवावा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाने ते परत इंग्रजीत न्यावं आणि मूळाशी ताडून पाहावं. एवढं बहुतेक जण करतात. खरी अडचण पुढे येते.

पहिला प्रश्न क्रियापदाचा. "मी घरच्यांशी मनातलं बोलतो/बोलते" असं तिरप्या रेघेने सतरा वेळा लिहिलं की कागद वाचणं नकोसं होतं. ते टाळायला कोणीतरी "मला घरच्यांशी मनातलं बोलता येतं" असं करतं. वाक्य गोड होतं, अर्थ मात्र हलतो. पहिल्यात मूल खरंच बोलतं का हे विचारलं आहे, दुसऱ्यात बोलण्याची मुभा आहे का हे. मुभा असूनही न बोलणारी मुलं पुष्कळ असतात. सरळ उपाय म्हणजे मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशा दोन प्रती छापा.

दुसरा प्रश्न उत्तरांच्या पायऱ्यांचा. पाच पायऱ्यांना "अजिबात नाही, थोडंसं, बऱ्यापैकी, बरंच, खूप" अशी नावं दिली, तर "बऱ्यापैकी" आणि "बरंच" ह्यांत मुलं गोंधळतात. "अजिबात नाही, थोडं, मध्यम, बरंच, खूप" हे जास्त स्वच्छ वाचलं जातं. सीवायआरएम-आरची "नाही, कधी कधी, हो" अशी तीन पायऱ्यांची आवृत्तीही आहे. वाचन कच्चं असेल तिथे ती घ्या. पण एकदा जी घेतली ती शेवटपर्यंत तीच. पाच पायऱ्यांचे आणि तीन पायऱ्यांचे गुण एकमेकांशी ताडता येत नाहीत.

तिसरा प्रश्न "घरचे" म्हणजे कोण हा. बीडमधल्या ऊसतोड कुटुंबातलं मूल दिवाळीनंतर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतं. आश्रमशाळेतल्या मुलीचे घरचे सुट्टीतच भेटतात. सूचनेत लिहा: "घरचे म्हणजे सध्या तुझी काळजी घेणारी मोठी माणसं. ती कोण, हे खाली लिही: आई, वडील, आजी, काका, वसतिगृहातल्या ताई, इतर." ही एक ओळ पुढे उत्तरं वाचताना फार उपयोगी पडते.

ज्या शाळेत पावरी, कोरकू, गोंडी किंवा गोरमाटी घरी बोलणारी मुलं आहेत तिथे छापील प्रमाण मराठीवर विसंबू नका. त्यांची भाषा येणाऱ्या माणसाने प्रत्येक विधान मोठ्याने वाचावं.

मसुदा झाला की सात-आठ मुलांना एकेकटं बसवा. प्रत्येक विधानानंतर विचारा, "ह्यात काय विचारलंय असं तुला वाटतं? तुझ्या शब्दांत सांग." "माझ्याशी समाजात न्यायाने वागलं जातं" ह्यातला "समाज" ऐकून अनेक मुलं थेट आपल्या जातीचा विचार करतात. मूळ प्रश्न आजूबाजूच्या लोकांबद्दल आहे. "गावातले किंवा वस्तीतले लोक" असं केलं की तो जागेवर येतो. हे कळायला मुलांशीच बोलावं लागतं. आपण आपसात शंभर वेळा वाचून ते सापडत नाही.

प्रश्नावलीच्या कर्त्यांनी स्थानिक प्रश्न जोडायलाही वाव ठेवला आहे. गावातले दोन-तीन जाणते लोक, एखादी माजी विद्यार्थिनी, अंगणवाडीताई ह्यांना विचारा: "आपल्याकडे अडचणीतून वर आलेली पोरं कशाच्या जोरावर आली?" भजनी मंडळ, कबड्डीचा संघ, रोजंदारीचा हिशोब स्वतः ठेवणं अशी उत्तरं येतात. त्यांतून चार-पाच विधानं तयार करा, पण त्यांचे गुण मूळ सतरांमध्ये मिसळू नका. वेगळे ठेवा.

परवानगी आणि जबाबदारी

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, तिन्ही हवीत. संशोधन असेल तर नैतिक समितीची मान्यताही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 12 ते 18 वयाच्या मुलांची लेखी अनुमती घेतली जाते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते. तेव्हा गूगल फॉर्म पाठवून मोकळं होण्याचा मोह टाळा. पालकसभेत पाच मिनिटं उभं राहून सांगा: काय विचारणार, कोण पाहणार, किती दिवस ठेवणार. अर्जावर सही घेण्यापेक्षा ही पाच मिनिटं मोलाची असतात.

कागदावर नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा. पूर्ण निनावी ठेवलं तर दुसऱ्या वेळचा कागद पहिल्याशी जोडता येत नाही आणि मदतीची गरज असलेलं मूल सापडत नाही. क्रमांक आणि नावं जोडणारी यादी एकाच माणसाकडे, कुलपात. ते माणूस वर्गशिक्षक नसावं.

आणि पहिला कागद वाटण्याआधी हे ठरलेलं असू द्या: एखाद्या मुलाने समासात "जगावंसं वाटत नाही" असं लिहिलं तर त्याच दिवशी त्याच्याशी कोण बोलणार, पालकांना कोण कळवणार, जवळचे मानसोपचारतज्ज्ञ कुठे बसतात. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098 हे क्रमांक हाताशी असू द्या. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. "शाळेचं नाव जाईल" ही सबब तिथे चालत नाही. हे ठरवणं जमत नसेल तर मोजणी पुढे ढकला.

कधी आणि कशी घ्यायची

चाचणी परीक्षेचा आठवडा, स्नेहसंमेलनाची धामधूम, सुट्टीनंतरचा पहिला दिवस सोडा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांना स्थिरावायला महिना-दीड महिना द्या. जुलैअखेर किंवा ऑगस्टची सुरुवात बरी.

हंगामाचा प्रश्न मात्र बारकाईने पाहावा लागतो आणि तो परदेशी पुस्तिकांत सापडणार नाही. समजा तुम्ही ऑगस्टमध्ये पहिली मोजणी केली, सप्टेंबर ते डिसेंबर उपक्रम घेतला आणि जानेवारीत पुन्हा मोजलं. ऑगस्टमध्ये आईवडील घरी होते. जानेवारीत ते पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर, मूल आजीजवळ. घरच्या आधाराचे गुण उतरणार, आणि तुम्ही म्हणणार उपक्रम फसला. उलट जानेवारीत सुरुवात करून आईवडील परतल्यावर, एप्रिलमध्ये, दुसऱ्यांदा मोजलंत तर काहीही न करता गुण चढतील आणि अहवाल झकास होईल. दोन्ही निष्कर्ष उसाच्या हंगामाने दिलेले. उपाय दोन: एक तर वर्षाच्या त्याच महिन्यात पुन्हा मोजा, नाहीतर उपक्रम न झालेल्या, पण स्थलांतराचं प्रमाण तेवढंच असलेल्या दुसऱ्या तुकडीची त्याच दिवशी मोजणी करा. कोकणातल्या मासेमारीच्या गावात किंवा विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत हाच विचार वेगळ्या तारखांनी करावा लागेल.

वर्गात एक बाक सोडून बसवा. वर्गशिक्षकांनी बाहेर थांबावं. ते कितीही प्रेमळ असले तरी "मला शाळेत आपलेपणा वाटतो" ह्यावर त्यांच्यासमोर कोण "अजिबात नाही" लिहील? सतरा विधानांना दहा-पंधरा मिनिटं लागतात, तिन्ही कागद मिळून एक तासिका पुरते. सुरुवातीला साधारण असं बोला:

"हा पेपर नाही. ह्यात बरोबर-चूक नाही, मार्क नाहीत. तुम्हाला जसं वाटतं तसं लिहा, शेजारच्याचं पाहून काही उपयोग नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर सोडून द्या. मधेच थांबावंसं वाटलं तर कागद पालथा घालून ठेवा, कोणी विचारणार नाही का म्हणून. तुमचे कागद सर-बाईंना किंवा घरी दाखवणार नाही. फक्त कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मला ते योग्य माणसांना सांगावं लागेल."

शेवटचं वाक्य गाळू नका. सगळं गुप्त राहील असं वचन द्यायचं आणि मग मोडायचं, ह्याने मूल पुढच्या वेळी कोणालाच काही सांगत नाही.

गुण काढणं

सीवायआरएम-आरच्या पाच पायऱ्यांच्या आवृत्तीत प्रत्येक विधानाला 1 ते 5. सतरांची बेरीज 17 ते 85 मध्ये येते. स्वतःबद्दलच्या दहा विधानांची 10 ते 50, घरच्या सातांची 7 ते 35. एकूण बेरीज सगळ्यांत शेवटी पाहा. कारण समजण्यासाठी दोन काल्पनिक मुलं घ्या, दोघांनाही 60. पहिल्याचे 42 आणि 18: मित्र आहेत, शाळा आवडते, घरी मात्र पाठीशी कोणी नाही. दुसरीचे 29 आणि 31: घर भक्कम, पण वर्गात ती एकटी. एकाच आकड्यामागे दोन वेगळी मुलं आहेत आणि दोघांसाठी करायची कामंही वेगळी. पहिल्यासाठी घरभेट, दुसरीसाठी कदाचित नुसती बाकाची जागा आणि एखादा गट.

एखाद-दुसरं विधान सुटलं असेल तर त्याच भागातल्या बाकीच्या उत्तरांची सरासरी तिथे भरा. तीन किंवा जास्त सुटली असतील तर तो कागद बेरजेत घेऊ नका, पण वाचा. कोणती विधानं सुटली हेही काही सांगत असतं. सगळीकडे "खूप" अशी सरळ रांग असेल तर बाजूला काढा. मूल कंटाळलेलं असेल, घाबरलेलं असेल किंवा खरंच मजेत असेल. कागदावरून ते ठरत नाही.

परदेशी नमुन्यांवरून आखलेल्या "कमी, मध्यम, उच्च" अशा रेषा तुमच्या शाळेवर लादू नका. आपल्याच शाळेतल्या सगळ्या मुलांची उतरत्या क्रमाने मांडणी करा, मधला गुण पाहा, पसारा पाहा. आणि तळाच्या मुलांकडे आधी ताणाची यादी शेजारी ठेवून बघा. कमी आधार आणि भरपूर ताण असलेली मुलं ही तुमची पहिली यादी. कमी आधार, पण ताणही कमी, ह्यांना सध्या वेळ आहे.

आकड्यांवर कितपत भरवसा ठेवावा हे पाहायला क्रोनबॅकचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ह्याचा आकडा, काढा. एक्सेलमध्ये जमतो. प्रत्येक विधानाचं प्रसरण, म्हणजे व्हेरियन्स, काढून सगळ्यांची बेरीज करा. मग मुलांच्या एकूण गुणांचं प्रसरण काढा. समजा विधानांच्या प्रसरणांची बेरीज 16 आणि एकूण गुणांचं प्रसरण 81. तर 16 भागिले 81 म्हणजे 0.198, ते 1 मधून वजा केलं की 0.802. त्याला 17/16 ने गुणलं की 0.85. साधारण 0.7 च्या वर असेल तर गटाची तुलना करायला चालतं. एकेका मुलाबद्दल निर्णय घ्यायला ह्याहून बरंच जास्त हवं आणि म्हणूनच एकट्या गुणावर कोणाच्याही बाबतीत निर्णय घेऊ नये. जमल्यास तीस-चाळीस मुलांना दोन आठवड्यांनी तोच कागद पुन्हा द्या. मधे काही विशेष घडलेलं नसताना गुण फार हलले, तर भाषांतरात किंवा वर्गातल्या वातावरणात काहीतरी गडबड आहे.

कागदाच्या पलीकडे

भारतात शिकून अमेरिकेत गेलेल्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथर ह्यांनी 1991 मध्ये अमेरिकेतल्या शहरी गरीब वस्तीतल्या किशोरांबद्दल एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. खूप ताण असूनही शाळेत छान चाललेल्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता ही कमी ताणातल्या तितक्याच हुशार मुलांपेक्षा जास्त होती. बाहेरून सावरलेली मुलं आतून सावरलेली असतातच असं नाही. आपल्याकडे वडील गेल्यावर शेत आणि अभ्यास दोन्ही सांभाळून नव्वद टक्के आणणाऱ्या मुलीचा वर्तमानपत्रात फोटो येतो. तिला झोप लागते का, हे विचारायचं राहून जातं. म्हणून एसडीक्यूमधले भावनिक त्रासाचे पाच प्रश्न अशा "आदर्श" मुलांच्या बाबतीत जरूर पाहा.

पहिल्या यादीतल्या प्रत्येक मुलाशी आणि वरच्या टोकाच्या काही मुलांशीही वीस मिनिटं बोला. कागद समोर धरू नका. "गेल्या वर्षात सगळ्यात अवघड दिवस कोणते गेले?" "तेव्हा कोणाकडे गेलास?" "कोणी न सांगता तू स्वतः काय केलंस?" "तेव्हा काय मिळालं असतं तर बरं झालं असतं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कोणाकडेच नाही" असं आलं, तर ते कोणत्याही गुणापेक्षा महत्त्वाचं आहे. हजेरीपट पाहा, शिपाईमामांना आणि वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या ताईंना विचारा. कोणतं मूल जेवत नाही हे त्यांना आधी कळतं.

पुन्हा मोजताना

एखाद्याचे गुण 58 वरून 63 झाले. सुधारला का? वरच्याच आकड्यांनी पाहू. एकूण गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुणांच्या पसाऱ्याचं माप, 9 (81 चं वर्गमूळ) आणि विश्वसनीयता, म्हणजे वरचा अल्फा, 0.85. 1 वजा 0.85 म्हणजे 0.15, त्याचं वर्गमूळ 0.387, गुणिले 9 म्हणजे सुमारे 3.5. ही एका मोजणीतली चूक. दोन मोजण्यांच्या फरकासाठी तिला 1.414 ने गुणा, जवळपास 4.9. आणि 1.96 ने गुणलं की 9.7. म्हणजे फरक 10 किंवा त्याहून जास्त असेल तरच "हा बदल निव्वळ मोजणीतल्या चढउताराचा नसावा" असं म्हणता येईल. 5 गुणांची वाढ कौतुकाला ठीक, पुराव्याला नाही. सूत्र जेकबसन आणि ट्रुअक्स ह्यांचं, 1991 मधलं. शक्य असेल तेव्हा विश्वसनीयतेचा आकडा दोन आठवड्यांनी केलेल्या फेरमोजणीतून घ्यावा.

आणखी दोन सापळे आहेत. सगळ्यात कमी गुणांची वीस मुलं निवडून त्यांच्यावरच काम केलंत, तर दुसऱ्या वेळी त्यांची सरासरी आपोआप थोडी वर येते, कारण पहिल्या दिवशी त्यांतल्या काहींचा निव्वळ दिवस वाईट होता. तुलनेला तशीच दुसरी तुकडी नसेल तर ही वाढ आपल्या खात्यावर लिहू नका. दुसरा सापळा उलट दिशेचा. भावनांबद्दल बोलायला शिकलेली मुलं दुसऱ्या वेळी स्वतःकडे जास्त कठोरपणे पाहतात. "मी घरी मनातलं बोलतो" ह्याला आधी 4 देणारा मुलगा आता मनातलं म्हणजे काय हे कळल्यावर 3 देतो. मुलाखती घेतलेल्या असतील तरच हे ओळखता येतं.

कोणाला काय सांगायचं

मुलाला आकडा देऊ नका. चौदाव्या वर्षी "तुझी लवचीकता 48" हे ऐकून कोणाचंही भलं होत नाही. पालकांनाही आकडा नको. काय दिसलं आणि काय करता येईल, ते साध्या शब्दांत सांगा, आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याला विचारल्याशिवाय घरी पोचवू नका. शाळेला तुकडीनिहाय चित्र द्या: घरचा आधार कुठे कमी आहे, शाळेत परकं वाटणारी मुलं किती, सकाळी उपाशी येणारी किती. गट दहापेक्षा लहान असेल तर आकडे वेगळे दाखवू नका, लहान शाळेत "नववीतल्या तीन मुली" म्हटलं की नावं सगळ्यांना कळतात.

अहवालात शाळेच्या बाजूचीही कामं असावीत. आठवीतल्या चाळीसपैकी पंधरा मुलांनी "शाळेत आपलेपणा वाटत नाही" असं लिहिलं असेल, तर त्या पंधरा जणांना लवचीकतेचं प्रशिक्षण देणं हा विनोद होईल. तिथे तास शिक्षकांचे घ्यावे लागतात, मधल्या सुट्टीत मैदानावर कोण उभं असतं ते पाहावं लागतं. अशा चार कामांची यादी, प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख, हे अहवालाचं पहिलं पान करा. तक्ते मागे जोडा. संमतीपत्रात लिहिलेली मुदत संपली की क्रमांक-नावांची यादी नष्ट करून तशी नोंद मुख्याध्यापकांच्या सहीने फाइलला लावा.